चौकटीचा वारस

मी, खाली सही करणारी, वय सव्वीस, व्यवसाय वृत्तपत्रात उपसंपादक, राहणार आईवडिलांकडे, राजीखुशीने आणि शाबूत डोक्याने हे लिहून ठेवत आहे. मला कोणताही आजार नाही. आज सकाळीच कचेरीचा जिना धावत चढून आले. कोणाचे दडपण नाही. संपादकांचे आहे, पण ते कायद्याच्या दृष्टीने दडपण ठरत नाही, असे तळमजल्यावरच्या वकीलबाईंनी सांगितले आहे.

कारण आधी नोंदवते. आमच्या पेपरात दर सभेनंतर माझी एक चौकट छापून येते. शहराच्या सभागृहात कोणी काय विचारले, काय उत्तर मिळाले आणि शेवटी काय ठरले, एवढेच तिच्यात असते. परवा संपादक म्हणाले, "चौकट चांगली आहे गं. पण तुझ्या एकटीच्या जिवावर चालते. उद्या तू बसखाली आलीस तर?"

मी म्हटले, "सर, बस बाबाच चालवतात. ब्रेक मारतील."

ते हसले, पण मुद्दा सोडला नाही. "महिनाअखेरपर्यंत वारस दाखव. नाहीतर त्या जागेत जाहिरात टाकतो. जाहिरात मरत नाही."

वारस नेमायची रीतसर पद्धत मला ही एकच माहीत आहे. शिवाय आमच्या कचेरीत सगळ्या बड्या नेत्यांचे मृत्युलेख आधीच लिहून तयार असतात आणि ते नेते ठणठणीत हिंडत असतात. मग माझ्या मृत्युपत्रानेच कोणाचे घोडे मारले आहे?

कलम पहिले. स्थावर मिळकत नाही. जंगम मिळकतीत एक खुर्ची आहे. डेपोत मोडीत निघालेल्या बसचे सीट आणून, त्याला पाय जोडून बाबांनी ती माझ्या अभ्यासासाठी बनवली. तिच्यावर बसून मी घरातली पहिली पदवीधर झाले. खुर्ची धाकट्या बहिणीला. ती म्हणते, "ताई, स्प्रिंग टोचते." टोचू दे. त्यामुळेच मला परीक्षेच्या दिवसांत झोप लागली नाही.

कलम दुसरे. माझी पदवी बाबांना. ती तशीही त्यांच्याच ताब्यात आहे. टीव्हीच्या बरोबर वर टांगली आहे, म्हणजे पाहुण्याने बातम्या बघितल्या तरी पदवी चुकत नाही. टीव्ही दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही त्यांनी आधी ती वाचायला लावली आणि मगच स्टूल दिले.

कलम तिसरे. बँकेत जी शिल्लक असेल ती बहिणीच्या शिक्षणाला. विषय तिचा ती निवडेल. आत्याने मध्ये बोलू नये. मला नोकरी लागली तेव्हा आत्या म्हणाली होती, "पेपरात म्हणजे? सायकलवरून टाकणार का?" मी तिला क्षमा केलेली नाही, पण प्रेम आहे. म्हणून आत्याच्या घरी आमचा पेपर कायमचा चालू करावा. रोज सकाळी दारात पडू दे.

कलम चौथे. पुढील शब्द माझ्या टेबलावरून मी केव्हाच निवृत्त केले आहेत: घणाघात, हल्लाबोल, चिरफाड, रणकंदन, वाभाडे, तोफ डागणे, आसूड ओढणे, आणि 'घायाळ' हे विशेषण. हे सर्व क्रीडा विभागाला. क्रीडावाल्या दादांना आधी विचारले, तर ते म्हणाले, "नको गं बाई, आमच्याकडे आधीच ठेवायला जागा नाही." तरी त्यांनी घ्यावेत. निदान कुस्तीत कोणीतरी खरोखर पडते.

गैरसमज नको म्हणून लिहिते. सभागृहात माणसे चिडतात, ओरडतात, उठून निघून जातात. चिडली तर 'चिडली' असे जरूर लिहावे. पण कशावर चिडली, तेही लिहावे. आमच्या मथळ्यांत जखमी सगळे असतात आणि मुद्दा बेपत्ता असतो. लोकशाही म्हणजे माणसांनी एकमेकांशी बोलून काहीतरी ठरवणे, असे मी कॉलेजात शिकले आणि अजूनही मानते. कचेरीत मला त्यावरून 'सुधारकबाई' म्हणतात. ही पदवी मात्र मी कोणालाच देत नाही, ती माझ्याबरोबर न्यावी.

कलम पाचवे. आता मुख्य मिळकत, म्हणजे चौकट. ती माझ्याकडे कशी आली, ते मिळकतीच्या कागदात लिहायची रीत आहे.

तिची मूळ मालकीण आई. मी कॉलेजात असताना बाबा गावाबाहेरच्या वस्तीला जाणारी शेवटची बस चालवत. त्या बसवर सभागृहात चर्चा झाली. दुसऱ्या दिवशी बाबांनी पेपर उघडला आणि मोठ्याने वाचला: "शेवटच्या बसवरून रणकंदन, सत्ताधारी घायाळ." खूश होऊन म्हणाले, "बघ, कसं धारेवर धरलंय!"

आई शिलाई मशीनवर होती. म्हणाली, "बरं केलं. मग बस चालू राहणार का?"

बाबांनी पुढचे वाचले. "तोफ डागली म्हणे."

"डागली ना? पण बस?"

"सभात्याग केला."

"अहो, सगळं केलं त्यांनी. मी रात्रीचा डबा भरू की नको, तेवढं सांगा."

बाबांनी बातमी उलटून पालटून पाहिली. अख्खी बातमी त्यांच्याच बसवर होती आणि ती वाचून बस चालवणाऱ्याला डेपोत फोन करावा लागला. त्या दिवशी मी ठरवले, पेपरात जायचे.

गेले, तर तिथे तोफखानाकाका होते. हे त्यांचे टोपणनाव. पहिल्या पानाचे मथळे वर्षानुवर्षे तेच लिहितात आणि नावाचा त्यांना अभिमान आहे. आमच्याकडे पान छपाईला लवकर सोडावे लागते आणि सभा लांबते. त्यामुळे सभेचा मथळा सभेआधीच लिहून ठेवायची पद्धत होती. "खडाजंगी कधी झाली नाही, ते सांग," असे काका म्हणत. खरेच, कधी चुकली नव्हती.

मग बाजाराच्या छपराचा विषय आला. काकांनी 'छपरावरून खडाजंगी, दोन्ही गट भिडले' असे लावून पान सोडले. त्या दिवशी नेमके दोन्ही गटांचे पटले. दोघे बोलले, मान डोलावली, सभा आटोपली. दुसऱ्या दिवशी दोन्ही गटनेते एकाच स्कूटरवर बसून कचेरीत हजर. पुढचा म्हणाला, "आम्ही काल भिडलो म्हणे. घरी बायको विचारतेय, कुठे लागलं का?"

मागचा म्हणाला, "आणि जिंकलं कोण, तेही सांगा. मला पेढे वाटायचे की तोंड लपवायचं?"

सगळी कचेरी हसली. तोफखानाकाका हसले नाहीत. त्यांनी दोघांना बसवले, चहा मागवला आणि विचारले, "मग छपराचं ठरलं काय?"

"पत्र्याचं घालायचं. पावसाळ्याआधी. ओटे हलवायचे नाहीत."

"एवढंच?"

"एवढंच. यात खडाजंगी आम्ही कुठून आणायची?"

काकांनी ते कागदावर उतरवून माझ्यापुढे ठेवले. "सुधारकबाई, दुरुस्ती लिही." मी चौकटीत लिहिली: विचारले काय, उत्तर काय, ठरले काय. भाजीवाल्यांनी ती कापून ओट्यांच्या खांबांवर डकवली. संपादक बाजारातून पिशवी घेऊन आले ते म्हणाले, "पुढच्या सभेचंही असंच लिही." अशी ही मिळकत माझ्या नावावर झाली.

कलम सहावे. सदर चौकट माझ्या पश्चात तोफखानाकाकांना मिळावी. कारण कचेरीत सगळे हसत असताना 'ठरलं काय' हे विचारणारे ते एकटेच होते. ते अत्यंत थोर, झुंजार आणि सभागृहाची नस न् नस जाणणारे पत्रकार आहेत. ते नाही म्हणाले तर माझ्याकडे दुसरा वारस नाही आणि चौकट जाईल. मी त्यांना अजून विचारलेले नाही. धीर झालेला नाही.

कलम सातवे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी आईने करावी. तिला उत्तर मिळेपर्यंत विचारत राहायची सवय आहे.

पुरवणी. वरील मजकूर आज साक्षीदारांसमोर वाचला. तोफखानाकाका पान सोडून हात पुसत आले आणि त्यांनी कागदच ओढून घेतला. सहावे कलम वाचले. खिशातून लाल पेन काढले.

"'अत्यंत थोर' काढ. 'नस न् नस जाणणारे' काढ. 'झुंजार' तर आधी काढ. क्रीडा विभागाला दे."

मी म्हटले, "काका, मनापासून लिहिलंय."

"मीही सगळं मनापासूनच लिहायचो." मग पेन 'माझ्या पश्चात' वर येऊन थांबले. "हे काय? तुझं वय काय, माझं काय? तुझ्या पश्चात म्हणजे मी भूत होऊन सभागृहाच्या पत्रकार गॅलरीत बसायचं?"

वकीलबाईंनाही हे सुचले नव्हते. संपादक खुर्ची मागे सरकवून म्हणाले, "म्हणजे नाही म्हणताय?"

"कोण म्हणतंय नाही? उद्याची सभा मला द्या. पोरीने रजा घ्यावी, घरी जाऊन पेपर वाचावा."

"आणि मथळा?" संपादकांनी विचारले. "पान लवकर सोडायचं असतं."

"जागा मोकळी ठेवतो. सभा संपली की भरतो. छपाईवाले ओरडतील, त्यांना मी सांभाळतो."

संपादकांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "जाहिरातवाल्यांना नाही म्हणून कळवतो." मुद्रितशोधक ताईंनी टाळी वाजवली. मी रडले नाही, पण चष्मा पुसला, असे नोंदवावे लागेल.

लाभ घेणाऱ्याने साक्षीदार होऊ नये असे वकीलबाई सांगतात, म्हणून काकांची सही साक्षीदारांत नाही.

स्थळ: कचेरी, दुसरा मजला, खिडकीजवळचे टेबल.
दिनांक: महिन्याचा शेवटचा सोमवार.

लिहून देणार: (सही) उपसंपादक
साक्षीदार एक: (सही) संपादक
साक्षीदार दोन: (सही) मुद्रितशोधक ताई. शुद्धलेखन तपासले आहे.

खाडाखोड: कलम सहामधील तीन विशेषणे काढली. 'माझ्या पश्चात' खोडून 'उद्यापासून' केले. मान्य आहे.
(सही) तोफखाना