खिडकीतला जाळ

१८ ऑक्टोबर

आले बाई एकदाची. गाडीमागे माझा ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं घर, जोडून एवढा लांबचा पल्ला पहिल्यांदाच एकटीने मारला आणि कुठे कशाला घासलं नाही. तळ्याकाठच्या या कॅम्पवर हिवाळाभर राखणदार म्हणून राहायचं आहे. छपरांवरचा बर्फ ओढायचा, बंद ट्रेलरांवर नजर ठेवायची, बदल्यात जागा आणि वीज फुकट. गॅस मात्र ज्याचा त्याने भरायचा. मालक व्हर्लिन गावात राहतो. नाक लाल, बोलणं कमी. माझा ट्रेलर पाहून म्हणाला, की मिनेसोटाचा हिवाळा चाकांवर काढणारी माणसं दोनच प्रकारची, हट्टी नाहीतर वेडी, आणि तू कुठल्या रांगेतली ते फेब्रुवारीत कळेल. मी म्हटलं, दोन्ही रांगांत माझा नंबर लावून ठेव.

मार्डेल, माझी धाकटी बहीण, निघताना फाटकात हाताची घडी घालून उभी होती. तिने तळघरातली खोली माझ्यासाठी रंगवून घेतली आहे. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या आत सामानासकट माझ्या दारात उभी राहशील, असं तिने ऐकवलंच. माझा नवरा लेलंड गेल्यापासून सगळे मला लोणच्याच्या बरणीसारखं उचलून फडताळात ठेवायला बघतात. हा हिवाळा एकटीने काढला, की तो विषय कायमचा संपेल.

२२ ऑक्टोबर

व्हर्लिनने दोन दिवस लावून ट्रेलरभोवती फोमच्या फळ्यांची झालर ठोकून दिली, म्हणजे खालून वारा शिरणार नाही. खिडक्यांना मी आतून प्लास्टिक चिकटवलं. झोपायच्या खोलीतल्या खिडकीवर तर फोमचा जाड तुकडाच बसवला.

माझी सगळ्यात आवडती चीज म्हणजे विजेची शेकोटी. टीव्हीखाली भिंतीत बसवलेली, काचेमागे लाकडाचे खोटे ओंडके. रिमोटवर दोन बटणं आहेत. एकाने नुसता जाळ, म्हणजे दिव्यांचा खेळ. दुसऱ्याने ऊब, म्हणजे खालच्या फटीतून गरम वारा. मी खुर्ची ओढून बसते, पाय पुढे करते आणि राणी होते. गॅसची भट्टी लावतच नाही. ती जुन्या ट्रॅक्टरसारखी घुरघुरते.

व्हर्लिनला हे पटलं नाही. भट्टीचा गरम वारा जमिनीखालच्या पोकळीतूनही फिरतो, शेकोटीचा फिरत नाही, म्हणून रोज थोडी तरी भट्टी लाव, असं त्याने बजावलं. "वर माणूस शेकत बसतं आणि खाली पाइप गोठतात. दरवर्षी एक तरी शहाणा हेच करतो," तो म्हणाला. मी मान डोलावली. वीज फुकट असताना गॅस कोण जाळतं?

३ नोव्हेंबर

शेवटचं जोडपंही ॲरिझोनाला गेलं. जाताना बटाट्याचे गोळे घालून भाजलेल्या हॉटडिशचं भांडं माझ्या हातात देऊन गेलं, अजून दोन दिवस पुरेल. आता कॅम्पात मी एकटीच.

पण तसं वाटत नाही, कारण इथे एक रीत आहे. जाताना प्रत्येक जण शेकोटीचा नुसता जाळ चालू ठेवून जातो, ऊब बंद. चोराला वाटावं, आत माणूस आहे. दिवस मावळला, की रांगेतल्या सगळ्या खिडक्यांत जाळ हलू लागतो आणि वस्ती भरल्यासारखी दिसते. दुसरी रीत हॉर्नची. व्हर्लिन रस्त्यावरचा बर्फ ढकलायला येतो, तेव्हा माझ्या खिडकीत जाळ दिसला की दोनदा हॉर्न वाजवतो आणि पुढे जातो. दार ठोठावायचं नाही. इथल्या माणसांना कुणी चौकशा केलेल्या खपत नाहीत. मलाही नाहीत, त्यामुळे आमचं छान जमणार.

७ नोव्हेंबर

आज फेरी मारताना चौदा नंबरपाशी थबकले. प्रत्येक ट्रेलरजवळ विजेचा खांब आहे, त्यावर मीटर. नुसत्या जाळाने मीटर हललं न हललं असं असतं. चौदाचं मात्र गरगरा फिरत होतं. ऑफिसातून किल्ली आणून आत गेले. आत छान ऊब होती. शेकोटीसमोर एक खुर्ची अगदी काचेला टेकवून ठेवलेली, आणि बैठक हाताला कोमट लागली.

जाताना कुणी ऊब बंद करायला विसरलं असणार. मी बंद केली, खुर्ची भिंतीला सरकवली, कुलूप लावलं.

१० नोव्हेंबर

चौदाचं मीटर पुन्हा गरगरतंय. खुर्ची पुन्हा काचेपाशी.

व्हर्लिनला सांगितलं. त्याने टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाला, तोइवोचा ट्रेलर आहे तो. म्हातारा एकटा, मूळचा फिनलंडकडचा, तुझ्यासारखाच शेकोटीवर जगणारा. गेल्या फेब्रुवारीच्या वादळात वीज गेली आणि त्याच्या गॅसच्या टाक्या रिकाम्या होत्या. नंतर वीज आली. पण या शेकोट्यांची खोड अशी, की वीज परत आली की जाळ आपोआप पेटतो आणि ऊब बटण दाबल्याशिवाय येत नाही. बटण दाबायला तोइवो उरला नव्हता.

"खिडकीत जाळ होता, आर्लिस," व्हर्लिन म्हणाला. "मी रोज दोनदा हॉर्न वाजवून जात होतो. मार्च लागेपर्यंत." त्याच्याकडे बघवेना. मी कॉफी ओतली आणि आम्ही हवेबद्दल बोललो.

ट्रेलर न्यायला त्याचं कुणी आलं नाही. जाळ कुणी लावून ठेवला, हे व्हर्लिनलाही माहीत नव्हतं. वायर खांबावरून काढून टाक, एवढंच म्हणाला. मी जाऊन काढली. खिडकी काळी झाल्यावर बरं वाटलं.

१६ नोव्हेंबर

थंडीने कहर केला आहे. शेकोटी पूर्ण ठेवूनही कोट घालून बसले आहे. रिमोटचे सेल बदलले, फटीतला कचरा काढला. वारा येतो, पण कोमट.

नळ बंद पडला. खालचे पाइप गोठले. व्हर्लिनने सांगितलं तेच झालं, म्हणजे दरवर्षीचा तो शहाणा या वर्षी मीच. भट्टी लावायला गेले, तर टाक्यांचा काटा लाल खुणेवर, म्हणजे रिकाम्या. ऑक्टोबरात भरायच्या राहून गेल्या. मोबाइलला इथे रेंज नाही, म्हणून ऑफिसातून व्हर्लिनला फोन केला. वादळ येतंय, ते गेलं की पहिल्यांदा गॅस घेऊन येतो, म्हणाला.

मार्डेलचाही फोन तिथेच आला. आजच निघ, खोली गरम करून ठेवते, म्हणाली. आवाज रडवेला होता; व्हर्लिनचा नंबरही मागून घेतला. मी सांगितलं, की इथे मी मजेत आहे, उगाच डोकं खाऊ नकोस.

१८ नोव्हेंबर

चौदाच्या खिडकीत जाळ आहे.

वायर बर्फात पडली आहे, मी काढून टाकली तिथेच. भोवती पावलं फक्त माझी. तरी त्याचं मीटर फिरतंय. परत येऊन माझं मीटर पाहिलं. ते थांबलं आहे. शेकोटी पूर्ण चालू आणि मीटर ठप्प. माझी ऊब तिकडे जाते, असा विचार आला. असले विचार उपाशीपोटी येतात, म्हणून विजेच्या शेगडीवर सूप गरम करून प्यायले. सूप निम्मं व्हायच्या आत गार पडलं.

२० नोव्हेंबर

वादळ सुरू झालं. दोन हातांपलीकडे दिसत नाही. काल निघायला हवं होतं. मार्डेल बरोबर होती, हे कागदावर लिहिते, तिला सांगणार नाही.

माझी खुर्ची सकाळी काचेपाशी होती. मी ती तिथे ठेवली नव्हती. बैठक दबलेली, कुणी आत्ताच उठल्यासारखी. हात लावला तर बर्फ.

२१ नोव्हेंबर

चौदाची खिडकी काळी झाली. आज दुपारी वारा जरा पडला तेव्हा पाहिलं. तोइवोला तिकडे आता जाळाची गरज नाही.

खुर्चीत बसत नाही मी. पलंगावर बसून लिहिते. खुर्ची मधूनमधून करकरते —

२२ नोव्हेंबर

दार उघडत नाही. माझ्याच श्वासाची वाफ चौकटीत गोठली आहे. खांदा दिला, चौकटीवर कढत पाणी ओतायला किटली उचलली, तर बादलीत ठेवलेलं पाणीही संपलेलं. झोपायच्या खोलीतली सुटकेची खिडकी — फोम ओरबाडून काढला — बाहेरून बर्फाचा ढीग. तव्याने मारत राहिले. हातात जोर नाही.

घाबरले आहे. लिहून टाकते. फार घाबरले आहे.

वादळ थांबलं की व्हर्लिन येणार. गॅस घेऊन. थांबेलच तो. गॅस आणायचा आहे ना त्याला. पण रस्ता साफ केल्याशिवाय जड टाक्या आणता येणार नाहीत, आधी नुसता बर्फ ढकलायला येईल — आणि खिडकीत जाळ दिसला की —

जाळ विझवायला हवा. खिडकी काळी दिसली तर तो दार ठोठावेल.

नंतर

बटण दाबलं. विझत नाही. रिमोट आपटला. मुख्य खटका पाडला, सगळे दिवे गेले, फ्रिज बंद पडला. जाळ तसाच. आता खोलीत तेवढाच उजेड.

पुढच्या खिडकीवर लेलंडची गोधडी टांगली, चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावली. बाहेरून अंधार दिसेल. आता डोळा लागला तरी चालेल.

२३?

गोधडी खाली. फाटलेली नाही, पडलेली नाही. घडी घालून खुर्चीच्या पाठीवर ठेवलेली.

पुन्हा लावते. बोटं —

पुन्हा काढली. मी बघत असताना. कोपरा आधी, मग हळूहळू, पडदा सारतात तशी. म्हाताऱ्या माणसाला खिडकी उघडी लागते. त्याला एकट्याला नाही बसायचं. कुणी तरी हॉर्न वाजवून जावं असं त्याला —

वारा थांबला. ऊन आहे.

व्हर्लिनची गाडी. बर्फ ढकलणाऱ्या फाळाचा खरखराट ऐकू येतो, वरच्या वळणावर. खिडकीपाशी जाते. तवा घेते. ओरडते आहे, पण आवाज मलाच ऐकू —

दोनदा.

दोनदा वाजवला. मी हात करते आहे असं वाटून त्यानेही हात हलवला. हसत होता.

गॅस उद्या आणेल तो. आता गावात जाऊन मार्डेलला फोन करेल. सांगेल, काळजी करू नकोस, खिडकीत जाळ आहे, तुझी बहीण मजेत आहे. ती म्हणेल, हट्टी मेली. आणि खोलीचं दार लावून घेईल —

आता थंडी वाजत नाही. गंमत आहे. कोट काढून ठेवला, मोजेही. छान ऊब येते आहे. खुर्ची थोडी बाजूला सरकली. आपसूक. शेजारी जागा झाली आहे, एका माणसापुरती. पाय पुढे केले की जाळाजवळ किती बरं वाट