जाड बुडाचं पातेलं

३ जुलै

चि. चिमणीस दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्यापुढे मी हात टेकले. भांड्यांचं दुकान चालवून केस पिकले, पण चार महिन्यांत दोन भांडी संपवणारं गिऱ्हाईक मला बहिणीच्या रूपानेच भेटायचं होतं! न चिकटणारा तवा दिला, तर त्यावर स्टीलचं उलथणं फिरवून वर तारेच्या घासणीने घासलास. ॲल्युमिनियमच्या पातेल्याचं बूड जाळून वाकडं केलंस. वाचनालयात कुणी पुस्तकाचं पान दुमडलं तरी तू त्याच्या अंगावर धावून जातेस, मग भांड्यांनी तुझं काय घोडं मारलंय?

आता जाड बुडाचं स्टीलचं पातेलं पाठवतोय. महागातलं नाही, पण टिकेल. लोखंडी कढई दिली असती, पण तू ती ओली ठेवून गंजवशील. आच किती, तेल कधी, सगळं पुढच्या चार पानांत लिहिलंय. आणखी एकदा धूर झाला तर खोली सोडा, असं घरमालकीणबाईंनी बजावलंय ना? अकरा वर्षांची खोली बटाट्यांपायी घालवू नकोस. वहिनी तुझी आठवण काढते.

तुझा हताश
दादा

११ जुलै

ती. दादास सा. न. वि. वि.

पातेलं तुझ्या पत्राच्या आदल्या दिवशीच पोचलं, छान होतं. आता आतून कोळसा झालंय.

रागावू नकोस, खरं कारण आजवर लपवलं होतं. मी कामावरून येते तेव्हा दाराखाली तुझं पत्र पडलेलं असतं. बटाटे गॅसवर टाकते आणि पत्र फोडते. तू मंद आचेबद्दल इतकं रंगवून लिहिलंयस की मी तिसऱ्या पानावर होते आणि बाई दार ठोठावत होत्या. तवाही तुझं पत्र वाचतानाच करपला, म्हणून तर घासला.

बाईंनी महिनाअखेरपर्यंत पाहते म्हटलंय. पुन्हा धूर दिसला तर सामान बाहेर. मला ही खोली सोडायची नाही रे.

रागासकट आशीर्वाद चालतील,
चिमणी

१८ जुलै

चि. चिमणीस आशीर्वाद.

म्हणजे दोष माझाच! सोबत लोखंडी कढई. स्वस्त आहे, करपली तर खरवड. धुतल्यावर लगेच पूस आणि तेलाचा हात फिरव. यापुढे पत्र नाही.

दादा

२ ऑगस्ट

ती. दादास सा. न. वि. वि.

खोली राहिली! एकदाही धूर नाही. कढई काळीभोर, तुकतुकीत झालीय. बाई स्वतः बटाटे चाखून गेल्या आणि मीठ कमी म्हणाल्या.

पण दादा, दाराखाली आता नुसते जाहिरातींचे कागद असतात. मी भाजी ढवळत उभी राहते, कारण दुसरं करण्यासारखं काही नसतं. आई गेल्यापासून मला हक्काने रागावणारा तूच एक उरलायस. दोन ओळी तरी लिही.

वाट पाहणारी
चिमणी

९ ऑगस्ट

प्रिय वन्सं, स. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी शेजारी निघाले होते. ह्यांना म्हटलं, दुधाकडे दोन मिनिटं लक्ष ठेवा. परत येते तो घरभर धूर, दुधाचा कोळसा, आणि हे त्या धुरात तुमचं पत्र डोळ्यांशी धरून उभे! पातेलं जाड बुडाचंच होतं, दुकानातलं सगळ्यांत भारी. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! ते त्यांनी गुपचूप दुकानात नेऊन खोक्यांमागे लपवलं. मी गाठलं तेव्हा डोळे पुसत होते. धुराने पाणी येतंय म्हणाले. दुकानात धूर नव्हता. तुमच्या दोघांपायी माझ्या नाकी नऊ आलेत.

सोबत त्यांचं सात पानी पत्र आहे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसते रागावलेत, तुम्हाला आवडेल. पाकिटावर लाल शाईने मी लिहिलंय, की आधी गॅस बंद करा, मग फोडा. तसंच केलं असेल अशी आशा आहे. नसेल, तर सात पानं बाजूला ठेवा आणि आधी उठा.

तुमची
वहिनी