तुमचं मरण काढून मिळेल

प्रिय खवचट,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, नोटीसच ती. शुक्रवारपर्यंत बाबांचं पान वेबसाइटवरून उतरव, पुस्तकातूनही काढ, नाहीतर माझ्या सातही गोष्टी परत घेते. खाली आडनावासकट सही. तीन वर्षं जी पोरगी चिठ्ठीखाली जीभ बाहेर काढलेली मांजर काढायची, तिची ही सही! विमा कंपनीत हेच शिकवतात वाटतं. आपल्या मरणाच्या गोष्टींच्या पुस्तकात चित्रं माझी, पण अकरा गोष्टींपैकी सात तुझ्या. त्या गेल्या की पुस्तक बंद, छपाईसाठी लोकांनी दिलेली वर्गणी परत, आणि ज्याच्यापायी मी तिसऱ्या वर्षाला कॉलेजला लाथ मारली ते सगळं पाण्यात. हे तुला पक्कं ठाऊक आहे, म्हणून बरोबर तिथेच पाय दिलास.

पण मुळात ही कल्पना कुणाची होती गं? कँटीनच्या डगमगत्या टेबलावर माझ्याच चित्रामागे तू लिहिलं होतंस, ‘सगळ्यात मोठी वर्गणी देणाऱ्या प्रत्येकाला त्याचं मरण काढून मिळेल, पानभर, हवं तसं.’ फॉर्मला दोनच रकाने. कसं मरायला आवडेल, आणि चेहऱ्यासाठी एक फोटो. लिहून झाल्यावर एवढी हसलीस की चहा नाकातून आला. मग तो दातांचा डॉक्टर आठवतो? पेशंटने जांभई देताना आपल्याला गिळावं म्हणाला होता. आणि त्या शाळेतल्या बाई, न तपासलेल्या पेपरांखाली गाडून घेणाऱ्या. मी काढायचो, तू खांद्यावरून वाकून म्हणायचीस, अजून जरा निर्दय काढ रे, हा अजून जिवंत वाटतोय. त्या दोन महिन्यांत मी जेवढा जगलो तेवढा पुढे-मागे कधी नाही. मग तुला दुसऱ्या शहरातल्या नोकरीचं पत्र आलं. निघताना म्हणालीस, गोष्टी मेल करत राहीन. एक आली. त्यातही कुणी मेलं नाही.

आता तुझ्या फोटोंत तो टायवाला असतो. आधी कडेला होता, मग मधे आला, परवाच्या फोटोत तर तूच कडेला आहेस. बघतो मी. बघू नये, कळतं. इकडे मी झेरॉक्सच्या दुकानात उभा असतो. गेल्या आठवड्यात माझाच वर्ग, तुझ्या एक वर्ष मागचा, शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट बांधून घ्यायला आला. एक जण म्हणाला, अरे वा, धंदा टाकलास की काय. मी त्याचं बाइंडिंग उलटं केलं. मुद्दाम केलं. घरी आई माझ्याशी फक्त ताट वाढतानाच बोलते, तेही ‘घे’ आणि ‘पुरे?’ एवढंच.

अशात सगळ्यात मोठ्या वर्गणीचा एक फॉर्म आला. नावाच्या जागी नुसतं ‘वाचक’. कसं मरायला आवडेल? ‘माझ्या खुर्चीत, मुलीने लिहिलेलं वाचताना, हसून हसून.’ फोटो उघडला तर तुझे बाबा! तुमच्या हॉलमध्ये त्यांनी मला एकदाच बसवलं होतं, त्याच खुर्चीत. बिस्किटं पुढे सरकवत म्हणाले होते, चित्रं काढता ते समजलं, पण करता काय? तो प्रश्न मी दोन वर्षं खिशात घेऊन फिरतोय. वाटलं, आता भीक घालतायत. माझं डोकं सटकलं.

तर ते पान सूड म्हणूनच काढलं, हे कबूल. त्यांना हसून मारलं खरं, पण शेजारी तुला उभी केली. खांद्याला ऑफिसची बॅग, डोळे फोनमध्ये, बाप गेल्याचा पत्ता नाही. नाक मुद्दाम मोठं केलं. त्यांचं. तुझं नाही जमलं मला. आपल्या पद्धतीप्रमाणे कच्चं पान आधी वर्गणीदाराला पाठवलं. म्हटलं, आता शिव्या येतील. उत्तर आलं, ‘नाक जरा जास्त झालंय, असू दे. मुलगी हुबेहूब. पुस्तक हातात कधी येईल?’

त्या ‘हुबेहूब’ने मी आणखी पेटलो. आणि आपल्या पुस्तकाला शोभेल असं, तू टाळी दिली असतीस असं उत्तर लिहिलं. ‘चार महिने लागतील. तोवर जगलात तर आणून देईन.’ पाठवून स्वतःशीच हसलोसुद्धा. माझा सगळ्यात चांगला विनोद तोच, असं त्या दुपारी मला वाटत होतं.

पुढचं लिहायला तीन कागद फाडले. त्यांचं उत्तर पाठ झालंय. ‘प्रश्न तोच आहे. डॉक्टर तीनच म्हणतात. तेव्हा पुस्तकाची वाट बघत नाही, पान तेवढं वेबसाइटवर लावा, रोज बघता येईल. मुलीला कळवू नका. नवी नोकरी आहे, सोडून धावत येईल.’ मी लगेच लावलं, आणि न कळवण्याचा शब्द दिला. या गोष्टीला सव्वा महिना झाला. पान दिसल्यापासून तू मला नीच समजत होतीस, मी समजू दिलं. उगाच मोठेपणा नको देऊस, त्यात थोडी मजाही होती, तू निदान माझ्यावर चिडली होतीस. पण काल तुझी नोटीस वाचली आणि कळलं की तू हिशेब सगळा लावलास, फक्त घरी फोन करून विचारलं नाहीस. आज शब्द मोडतोय. गोष्टी हव्या तर परत घे, मी वर्गणी परत करून टाकेन. पण पान शुक्रवारी उतरणार नाही. ते ज्यांचं आहे त्यांनी सांगितलं तरच उतरवीन. त्यांना विचार. फोनवर नको, फोनवर ते हसून विषय बदलतील. समोर बसून विचार. इकडची गाडी सकाळी सहाला आहे.

तुझाच. हा शब्द तेवढा मी खोडणार नाही.