बाबांच्या टेपेचं माप

८ ऑक्टोबर

चि. फूटपट्टीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र नेहमीप्रमाणे चहाच्या वेळी बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं, तिथेच चुकलं. त्यांनी शिवलेला कोट ढगळ झालाय, आत आणखी एक भाऊ मावेल, ही तुझी थट्टा वाचताना मी हसलेसुद्धा. बाबा हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान उघडलंच नाही. मोठी कात्री मला आणून दिली आणि स्वयंपाकघरात पिशव्या कापायला घे म्हणाले. ज्या शिंप्याला पोटच्या मुलाचा कोट बेतता येत नाही, त्याने लोकांच्या कापडाला हात लावू नये, असं त्यांचं म्हणणं. शिवणकाम सुटलं तर ते दिवसभर करणार काय, याची मला काळजी लागली आहे.

पण मला एक कळत नाही. तुझा कोट शिवला त्याच आठवड्यात त्यांनी समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचा पांढरा कोट शिवला. तो असा बसलाय की बघत राहावं. डोळे आणि हात गेले असते, तर तो कसा जमला? तू कचेरीत वजनमापं तपासतोस ना, मग याचाही छडा लाव. आणि थट्टा जरा जपून करत जा.

लोभ आहेच, तो तुझ्या उत्तरातून दिसू दे.
अक्का


१५ ऑक्टोबर

ती. अक्कास सा. न. वि. वि.

कात्रीचं वाचलं. सहा वर्षांपूर्वी मी त्यांचं दुकान नको म्हणून इकडे आलो, आणि आता माझ्याच थट्टेने ते बंद व्हावं!

रविवारी कोट टेबलावर पसरला आणि इंचन्इंच मोजला. गंमत बघ. छाती, बाही, उंची, सगळं शंभराला तीन याच प्रमाणात जास्त आहे. हात चुकला असता तर कुठे जास्त, कुठे कमी झालं असतं. ही चूक फारच शिस्तीची आहे. माझी मापं मी पत्राने कळवली होती, कचेरीतल्या पोलादी टेपेने दोनदोनदा घेऊन. डॉक्टरीणबाईंना मात्र बाबांनी आपल्याच टेपेने मोजलं असणार.

सोबत कागदाची पट्टी आहे, बरोबर तीस सेंटीमीटरची. बाबांच्या टेपेशेजारी ठेव आणि काय दिसतं ते कळव. घड्या नीट उलगड, नाहीतर माझी बोलणी खाशील.

बाबांना नमस्कार. रागावली असलीस तरी लिहीत राहा.
तुझा भाऊ


२३ ऑक्टोबर

चि. अतिशहाण्यास अनेक आशीर्वाद.

घड्या उलगडल्या, वरून इस्त्रीसुद्धा फिरवली. तुझी तीसची पट्टी बाबांच्या टेपेवर एकोणतीसच्या जरा पुढेच संपते! ती कापडी टेप वर्षानुवर्षं ओढून कधीच ताणून बसली आहे.

हे कळल्यावर बाबांचा जीव भांड्यात पडेल असं वाटलं होतं, झालं भलतंच. मग इतकी वर्षं मी खोटीच मापं घेतली, वहीतलं एकेक माप खोटं, असं म्हणाले आणि टेप गळ्यातून काढून खुंटीला अडकवली. मी म्हटलं, कपडे तर सगळ्यांना बसत होते. त्यावर म्हणाले, नशीब. आता तूच त्यांना लिही. सहा वर्षं माझ्या पत्राच्या तळाशी त्यांना एक नमस्कार टाकतोस, तेवढ्याने भागायचं नाही.

माया तेवढीच, राग थोडा जास्त.
अक्का


३० ऑक्टोबर

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला लिहायला हात धजत नव्हता. पण एक विचार डोक्यातून जात नाही, आणि तो तुम्हालाच सांगावासा वाटतो.

माझी छाती जेवढी आहे तेवढी आहे, कुणी मोजो न मोजो. ती खरी नसते की खोटी नसते, नुसती असते. खरं-खोटं सुरू होतं ते आपण तिच्याबद्दल काही बोललो की. आणि ते बोलणं समजायला ते कुठल्या टेपेचं, हे ठाऊक हवं. पोलादी टेपेचे शंभर सेंटीमीटर तुम्ही वहीत सत्त्याण्णव लिहिता, ते तुमच्या टेपेचे, आणि कापताही त्याच टेपेने. म्हणून कपडा अंगाला बसतो. बाबा, ते नशीब नाही, ते माप खरंच आहे. तुमच्या टेबलावर खोटं ठरलं ते मी पत्राने कळवलेलं शंभर, कारण टेप कुठली ते मी सांगितलंच नाही. दिवसभर दुसऱ्यांची मापं तपासणाऱ्या मला हे सुचू नये, याची लाज वाटते.

तुम्हाला पोलादी टेप पाठवणार होतो. नाही पाठवत. जुन्या वहीवरून नव्या टेपेने कापलंत, तर सगळ्या गावाला श्वास घेता येणार नाही.

दुकान उघडा, एवढंच मागणं.
तुमचा मुलगा


६ नोव्हेंबर

चि. मुलास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मीच वाचलं, दोनदा. अक्काला दिलं नाही. सगळं पटलं असं नाही. खुंटीवरची टेप काढून तुझ्या पट्टीशेजारी ठेवली आणि बराच वेळ बघत बसलो. फरक आहे तो आहे. मग वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं की ही मापं माझ्या टेपेची आहेत. तेवढं लिहिल्यावर बरं वाटलं. कात्री परत आणली. अक्काने तिची धार पार घालवली आहे, त्याबद्दल तिला बोललो. सोमवारी दुकान उघडलं.

वहीत तुझं माप शोधलं. ते तू घरातून गेलास त्या वर्षाचं आहे. त्याखाली एक ओळ मी रिकामी ठेवली होती, ती अजून तशीच आहे. पत्राने आकडे पाठवलेस तर लिहून घेणार नाही.

कोट अंगात घालून ये. टेप गळ्यातच आहे.
बाबा