न बोलता चाललेलं बोलणं

लिन, मॅसॅच्युसेट्स
अकरावा महिना, १८७९

प्रिय दोर्कास आत्या,

वडीलधाऱ्यांना वाकून नमस्कार लिहावा, तर आपण क्वेकर पंथाचे लोक देवाखेरीज कुणा माणसापुढे वाकत नाही. तेव्हा ताठ उभी राहूनच तुझ्या गुडघ्यांची चौकशी करते. मी उत्तम आहे. (बाबांनी तुला वेगळं कळवलं असेल, ते मनावर घेऊ नकोस.)

घरातली पहिली पदवीधर टेलिफोन केंद्रात तारा जोडायच्या खुंट्या खुपसत बसते, याची बाबांना लाज वाटते. मला वाटत नाही. गावाच्या दोन टोकांची माणसं जोडण्याहून चांगलं काम मला अजून सापडलेलं नाही. (हे यंत्र शोधणाऱ्याने बोलायला आणि ऐकायला एकच भोक ठेवलंय, त्यामुळे निम्मं गाव कानाने बोलतं, ते सोड.) शेवटी बाबांनी अट घातली: यंत्रावर एक तरी धड संभाषण घडवून दाखव, नाहीतर नोकरी सोड.

मी त्यांच्या दुकानात यंत्र बसवलं आणि काल त्यांना ओबेदकाकांशी जोडून दिलं. दोघेही आपल्या प्रार्थनासभेतले ज्येष्ठ. दोघांनी यंत्र कानाला लावलं आणि आतून प्रेरणा होईपर्यंत तोंड उघडायचं नाही या आपल्या रीतीप्रमाणे शांत बसले. बसलेच. आमचा व्यवस्थापक एझ्रा स्टोडर्ड याला वाटलं तार तुटली. त्याने माणूस खांबावर चढवला. तार धडधाकट. मग तो माझ्या खुर्चीमागे आला.

"खुंटी काढ."

"बोलणं चालू आहे, एझ्रा."

"कोण बोलतंय?"

"अजून कोणी नाही."

(आपण साहेबालाही नुसत्या नावाने, एकेरीत हाक मारतो, हेही त्याला सोसत नाही.) अखेर त्यानेच तारेत तोंड घालून "झालं का? झालं का?" असा धोशा लावला. थोड्याच वेळात बाबा केंद्रात हजर. इतकं सुरेख मौन या गृहस्थाने मोडलं, म्हणाले. मी म्हटलं, मौन ऐकू आलं, म्हणजे यंत्र चालतं. तर म्हणे, "प्रेरणेआधीच मोडलं, थर्झा. संभाषण झालंच नाही. घरी चल." आणि एझ्रा म्हणतो, मुक्यांसाठी तार अडवणारी मुलगी मला नको. दोघांना एकच उत्तर दिलं: मी खुंटी काढली नाही आणि खुर्चीही सोडणार नाही. कुणाची मनधरणी तर मुळीच करणार नाही.

तुझी
थर्झा

ता. क. आठवड्याच्या आत एक बोलकं गिऱ्हाईक आणलंस तर राहा, असं एझ्रा म्हणाला. मी ताडकन सांगितलं, आमच्यात तसं कोणी नाही.

आणखी एक ता. क. मग तू आठवलीस. आत्या, तुला बोलायची प्रेरणा झाली की सभेतली सगळी घरं जेवण थंड खातात. टेलिफोन घे. हो की नाही, हे कळवायची तसदी नको. माणूस यंत्र आणि हातोडी घेऊन तुझ्याकडे निघालाय.