हवाबंद खुराडं

१२ नोव्हेंबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. इकडे सगळे ठीक, मीही ठीक. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर पुढचं न वाचता तू खुशालीच शोधत बसशील.

या दोन हातांनी आजवर काय काय केलं ते तुला पाठ आहे, तरी पुन्हा लिहितो. माझ्या वजनकाट्यांच्या दुकानातलं काउंटर. बाबांची आरामखुर्ची, जिच्यात आराम सोडून सगळं होतं. घराचा जिना, पायऱ्या चौदा, त्यातली सातवी अर्धा इंच उंच, त्यामुळे घरातला प्रत्येकजण तिथे एकदा तरी तोंडावर पडलेला. एक रेडिओ, एकच केंद्र पकडणारा. सराफांच्या नाजूक काट्यांसाठी काचेच्या पेट्या, एकोणीस. यातलं काहीही मला कुणी शिकवलेलं नाही, आणि जिन्याकडे पाहून ते पटतंही. आता त्या यादीत विसावी पेटी घाल: तू लेकीकडे असेपर्यंत माझ्याकडे ठेवलेल्या तुझ्या पाच कोंबड्यांचं हिवाळी खुराडं.

लांबी सहा फूट, रुंदी चार, समोर काच. काट्याच्या पेटीला जो नियम, तोच इथे लावला: वाऱ्याची झुळूक आत जाता कामा नये. प्रत्येक सांध्यात पुट्टी, दाराच्या कडेने लोकरीची पट्टी. मी स्वतः मेणबत्ती घेऊन आत बसलो, दार लावून घेतलं आणि तुझ्या भावजयीला बाहेरून सायकलच्या पंपाने फटीफटीवर हवा मारायला लावली. ज्योत हलली नाही. कडी बाहेरून लावून निघून जायचा मोह झाला होता, असं ती नंतर म्हणाली. बसायला लेथवर कातलेला गोल दांडा, व्यास अठ्ठावीस मिलिमीटर, आरशासारखा गुळगुळीत.

तू गुडघा सांभाळ. कोंबड्यांची काळजी आता सोड.

लोभ आहेच, तो माझी सुतारकी पाहूनही टिकावा.

तुझा धाकटा

१८ नोव्हेंबर

चि. काटेवाल्यास,

अनेक आशीर्वाद, आणि त्यावर एक टपली.

गुडघ्याचं म्हणशील तर डॉक्टरीणबाईंनी बिछान्यापासून न्हाणीपर्यंत चालायची परवानगी दिली आहे. जाताना बावीस फरश्या लागतात, येताना तीस वाटतात. लेकीच्या घरात माझी बडदास्त आहे, पण तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून आकाशाखेरीज काही दिसत नाही. सकाळी उठून कुणाला दाणे टाकायचे नाहीत, म्हणजे उठायचं तरी कशाला, असं होतं.

पत्र दोनदा वाचलं. तू दहा वर्षांचा असताना मला पावसासाठी पुठ्ठ्याची टोपी केली होतीस, आठवतं का? पाणी एक थेंब आत येत नव्हतं, फक्त डोळ्यांसाठी जागा ठेवायची राहिली होती. तुझ्या खुराड्यात दार आहे, काच आहे, लोकर आहे. हवा कुठून येते, ते मात्र लिहिलं नाहीस.

लेकीने निकाल दिला आहे: पाच डिसेंबरला ती तुझ्याकडे येऊन पाहणार. कोंबड्या नीट रुळलेल्या दिसल्या नाहीत, तर पाचही जणी खाद्याच्या दुकानदाराकडे. त्याची तयारी आहे. पण लंगडी आता अंडी देत नाही. तिला तो पाळायला नेणार नाही, हे तुलाही कळतं आणि मलाही. लेक आणखी एक म्हणाली, तेही लिहिते. कोंबड्याच नसतील तर आईने एकटीने त्या घरी परत जायचं कशाला? मी उठले आणि पुन्हा फरश्या मोजल्या.

लोभ आहे. तो तोलून पाहू नकोस.

ताई

२४ नोव्हेंबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. आज वि. वि. फार आहे.

तुझं पत्र आलं तेव्हा मला राग आला. तो साधारण अडीच तास टिकला. मग मी खुराड्याची काच आतून पाहिली. तिच्यावरून पाणी ओघळत होतं. छत गळतंय म्हणून मी वर दोन बादल्या ओतल्या, एक थेंब आत गेला नाही. मला आनंद झाला, याची आता लाज वाटते.

मग मला जे एक येतं ते केलं: वजन. खाली पसरलेला भुसा संध्याकाळी चार किलो दोनशे ग्रॅम, सकाळी चार किलो सहाशे दहा. चारशे दहा ग्रॅम आले कुठून, यावर मी पूर्ण सकाळ कागद घेऊन बसलो होतो. तुझी भावजय दाराशी आली, नाकाला पदर लावला आणि म्हणाली की आत पाच जीव रात्रभर श्वास सोडतात, तो जाणार कुठे. काट्याला श्वास नसतो, ताई. एकोणीस पेट्या केल्या, त्यात ठेवलेली एकही वस्तू कधी श्वास घेत नव्हती. विसाव्या वेळी हा फरक माझ्या ध्यानात यायला हवा होता.

कोंबड्यांच्या ध्यानात तो आधीच आला होता. तीन दिवस झाले, त्या आत जायला तयार नाहीत. संध्याकाळ झाली की पाचही जणी दुकानाच्या पडवीत, मी लाकडाला रंधा मारायला वापरतो त्या फळीवर ओळीने बसतात. गोल दांड्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. पडवीत थंडी लागते. लंगडीच्या तुऱ्याचं टोक काळसर दिसतंय, आणि वजन एक किलो नऊशेवरून एक किलो सातशे चाळीसवर आलं. हे तुझ्यापासून लपवणार होतो. पण खोटं वजन मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

नवं खुराडं करायचं तर मला एकोणीस दिवस लागतात. हातात अकरा आहेत. काय करू, ते लिही. विचारायची सवय नाही, म्हणून वाक्य जरा उद्धट आलं असेल.

लोभ कमी झाला असेल तर किती, तेवढं कळव.

तुझा धाकटा

२७ नोव्हेंबर

चि. काटेवाल्यास,

अनेक आशीर्वाद. टपली आज नाही, कारण चारशे दहामधले निम्मे ग्रॅम नक्की कशाचे होते, हा विचार करून मी इतकी हसले की लेक धावत आली.

थंडीने कोंबडी सहसा जात नाही, ओलीने जाते. अंगावर पिसांची रजई आहेच. तिला कोरडं अंथरूण हवं आणि डोक्याच्या वरून बाहेर जाणारी वाफ. तेव्हा भोकं पाड, छताच्या अगदी खाली, समोरासमोर. बसतात त्या उंचीवर वारा लागू देऊ नकोस. गोल दांडा काढ. त्यांना पंजा सपाट टेकवून, वर पोट ठेवून, बोटं पिसांत झाकून बसायचं असतं. तुझ्या रंध्याच्या फळीवर बसून त्यांनी तुला रोज संध्याकाळी तेच सांगितलं. लंगडीला वीतभर उंचीवर वेगळी फळी दे, तिला उडी जमत नाही. खाली पत्रा घाल आणि तो रोज सकाळी खरवड.

भोकं पाडायला जीव होत नसेल, तर तसं कळव. मी तुला ओळखते. कुणी गिऱ्हाईक मिळालं तर ते कपाट खुशाल विकून टाक, माझ्या पोरी साध्या खोक्यातही राहतील. फक्त पाच तारखेच्या आत.

लोभ जसाच्या तसा. काटा शून्यावर आहे.

ताई

६ डिसेंबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

भोकं चोवीस, एकेक दीड इंचाचं, वर बारीक जाळी. पहिलं पाडताना मी डोळे मिटले, म्हणून ते तिरकं गेलंय. बाकी तेवीस सरळ. मेणबत्ती घेऊन पुन्हा आत बसलो. फळीच्या उंचीवर ज्योत स्थिर, वीतभर वर धरली की फडफडते. तुझ्या भावजयीने या वेळी पंप आणला नाही, नुसती हसत उभी राहिली.

फळी साडेतीन इंच रुंद, सपाट बाजू वर, कडा घासलेल्या. ती रंध्याचीच फळी. त्यांना पसंत पडलेली होती, आता मी लाकडाला मांडीवर रंधा मारतो. खाली कोरड्या सालपटांचा चार बोटं थर. पत्रा मी रोज खरवडतो आणि ते वजन कुठेही नोंदवत नाही.

काल तुझी लेक आली. चपला न काढता थेट खुराड्याशी गेली, आत डोकं घालून वास घेतला, सालपटांत कोपरापर्यंत हात घातला. हात कोरडा आला. तिने सालपटं झटकली. मग म्हणाली की आईच्या अंगणात हे कुठल्या भिंतीला लावायचं, ते मोजून ठेवा. लंगडी एक किलो आठशे दहा. तुऱ्याचं टोक गेलं, बाकी तुरा लाल आहे.

न्हाणी सोडून जिन्यापर्यंत चालू लाग. माझ्या जिन्यासारखा नसेल तर उतरायला सोपा आहे.

लोभ वाढला तर हरकत नाही, वर जागा ठेवली आहे.

तुझा धाकटा

ता. क. तुझं पत्र आलं त्याच दुपारी एक सराफ माझ्या दुकानात आले होते. त्यांच्या नव्या काट्याजवळ कुणी शिंकलं तरी आकडा बदलतो, म्हणून असंच वारा न लागणारं कपाट ते वर्षभर शोधत होते. सगळे सांधे बोट फिरवून पाहिले आणि म्हणाले, असं काम मी कुठे पाहिलेलं नाही. तीस वर्षांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं. ते गेल्यावर ड्रिल बाहेर काढलं. बावीस हजार पाचशे देत होते, रोख. मी सांगितलं, आत माणसं राहायची आहेत.