पिक्टांचं घर, शोध माझा

३ ऑक्टोबर
परवाच्या वादळाने आमच्या बेटाच्या किनाऱ्याचा लचकाच तोडला. मातीतून गोलसर दगडी भिंत बाहेर आलीय. बघताक्षणी ओळखलं. पिक्ट! वायकिंग आमच्या ऑर्कनी बेटांवर यायच्याही आधीचे लोक. जन्मभर फेरीबोटीवर तिकिटं तपासली. अस्सल काय नि बनावट काय, मला लगेच कळतं.
थोरा म्हणाली, नवऱ्या, आधी म्युझियमला फोन कर. करणार. योग्य वेळी.

५ ऑक्टोबर
फोन केला नाही. म्युझियमच्या त्या पुरातत्त्ववाल्या डॉक्टर रोना स्क्लेटर येणार, दोऱ्या बांधणार, पाटीवर स्वतःचं नाव लावणार. त्यापेक्षा मीच खोदतो, लेख लिहितो, मग कळवतो. उद्यापासून सहाला उठणे.

६ ऑक्टोबर, सकाळी साडेदहा
उठलो. पाऊस. लेखाचं नाव मात्र ठरलं: ‘फ्लेट प्रासाद’. आडनाव आपलंच.

११ ऑक्टोबर
आत शिरलो! मधोमध चूल, भोवती पाकळ्यांसारख्या खोल्या. राख अजून काळी. घरची माणसं आत्ताच बाहेर गेल्यासारखी. चुलीपाशी सपाट दगड होता, त्यावर बसून सँडविच खाल्लं. राजाचीच जागा. बूड बरोबर बसलं, म्हणजे रक्ताचं नातं असणार.
शेजारचा विल्फ मेंढी शोधत आला. त्याला नातं सांगितलं. म्हणाला, महाराज, आपले आजोबा समुद्रापलीकडून, ॲबरडीनहून मासे खारवायला आले होते ना?
जळतो.

१९ ऑक्टोबर
पाठ धरली. उत्खनन तात्पुरतं स्थगित. थोरा चिडली. अरे, समुद्र तुझ्या पाठीसाठी थांबणारे का? लाटा भिंतीला लागल्यात! फोन कर, नाहीतर मी करते. तिला शपथ घातली. समुद्र तिने मला शिकवू नये. बोटीच्या खिडकीतून रोज बघत होतो.

२३ ऑक्टोबर
विल्फ पुन्हा आला. म्हणाला, ट्रॅक्टर आणतो, वाळूची पोती आणतो, चार माणसंही आणतो. पण मग म्युझियमलाही सांगू, तू हे एकट्याने नाही सांभाळू शकत. ‘एकट्याने’ हा शब्द मुद्दाम वापरला. चहा न देता वाटेला लावला. आज पोती, उद्या शोधात वाटा.

२७ ऑक्टोबर
वारा वाढलाय. प्रस्तावना पूर्ण. आभार कुणाचेच मानायचे नसल्याने एक पान वाचलं.

२९ ऑक्टोबर
गेलं. भिंत, चूल, पाकळ्या, सगळं. उरले नुसते ओले गोटे.
थोराने काल शपथ मोडून फोन केला होता. रोनाबाई आज पहिल्या बोटीने आल्या, पाण्याकडे बघत चिखलात गुडघे टेकून बसल्या. ओरडल्या असत्या तर माझं उत्तर तयार होतं. ओरडल्या नाहीत. एवढंच विचारलं, फोटो तरी काढलेत का?
भरपूर! मोबाइल दिला. त्या एकेक बघत गेल्या. मी दारात. मी खोलीत. मी चुलीवर पाय ठेवून. मी, जवळून.
म्हणाल्या, मिस्टर फ्लेट, तुमच्या मागे काय होतं?
म्हटलं, घर.
विल्फ शेजारीच उभा होता. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.